जादा किल्ली

मुलीनं माझ्या गाडीची दुसरी किल्ली नेली ती अगदी हसतखेळत. दसऱ्याचं जेवण झालं होतं, श्रीखंडानं सगळे सुस्तावले होते, आणि दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "बाबा, एक की माझ्याकडे ठेवते हं. इमर्जन्सीला." मी 'बरं' म्हणालो. तोंडात विडा होता, नाहीतर काहीतरी बोललो असतो.

ती राहते एचएसआर लेआउटला, आम्ही बनशंकरीला. रस्ता मोकळा असला तर पाऊण तास, आणि तो मोकळा नसतोच. एवढ्या लांबून येऊन ती कुठली इमर्जन्सी निस्तरणार होती? खरी गोष्ट साधी होती. दसऱ्याच्या आठ दिवस आधी मी आमच्या बिल्डिंगच्या तळघरात गाडी खांबाला घासली होती. मागचं डावं दार चांगलं चेपलं. मी सगळ्यांना सांगितलं की बिल्डरनं खांब चुकीच्या जागी घातलाय. तो घातलाय खराच. पण इतकी वर्षं तो तिथेच आहे आणि इतकी वर्षं मी त्याला वळसा घालून जातोय. त्या सकाळी वळताना मला एकाएकी कळेनासं झालं की मी गाडी लावायला आलोय की बाहेर काढायला. दोन-तीन सेकंद असतील. तेवढ्यात अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला होता. हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलीला तर नाहीच.

मी पंच्याहत्तरीचा आहे. सांगलीहून इथं कन्नड मुलखात एका सरकारी कारखान्यात आलो आणि टूल रूममध्येच निवृत्त झालो. गाडी घेतली ती नोकरीच्या शेवटच्या वर्षी. तिला आता सोळा वर्षं झाली. रंग चंदेरी होता, आता तो मळखाऊ म्हणावा असा झालाय. तिच्यात बसून मी भाजी आणतो, बायकोला भजनाला सोडतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. मुख्य म्हणजे त्या गाडीमुळे मला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मुलगी म्हणते, बाबा, फोनवरून टॅक्सी बोलवायची, दोन मिनिटांत येते. येते ना. पण मग मी खाली फाटकाशी फोन कपाळाजवळ धरून उभा राहणार, आणि टॅक्सीवाला मला तीनदा विचारणार, 'सर, लोकेशन एल्लि?' चाळीस वर्षं या गावात काढून मी कुठं उभा आहे हे मला कोणाला तरी सांगावं लागणार.

कारखान्यात हत्यार न्यायचं तर खिडकीवर आपल्या नंबरचं पितळी टोकन द्यावं लागे. टोकन खिळ्यावर, हत्यार हातात. कोणाकडे काय गेलंय ते भिंतीवर दिसायचं. माझ्या मुलीनं किल्ली नेली आणि खिळा नुसताच रिकामा राहिला. त्या दिवसापासून मला चैन पडेना. एक नेली, दुसरी कधी नेणार? दुपारी आडवा झालो की उठून खिसा चाचपायचो. बायको म्हणायची, "अहो, किती वेळा बघाल? पळून जाणारे का ती?"

आणि मग एक दिवस ती खरंच गेली. दाराजवळच्या हुकावर नाही, पँटच्या खिशात नाही, फ्रिजवर नाही. तासभर मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी बायकोनं आपल्या कपाटातून, साड्यांच्या घडीखालून काढून दिली.

"पुसताना पडेल म्हणून ठेवली होती," ती म्हणाली.

"कपाट पुसत होतीस?"

तिनं साड्यांची घडी सारखी करून कपाट लावलं. पण मला उमगलं की मायलेकींचं काहीतरी ठरतंय आणि मला त्यात धरलेलं नाही. त्याच दिवशी मी ठरवलं, एक जादा किल्ली करून घ्यायची. कोणालाही पत्ता न लागू देता. या दोघींनी सगळं काढून घेतलं तरी माझ्याजवळ एक असेल.

तसं निमित्तही होतंच. दसऱ्यापासून किल्लीची बटणं चालत नव्हती. पूर्वी लांबून दाबलं की गाडी दिवे मिचकावून ओळख द्यायची, आता दारात खुपसून फिरवावं लागे.

आधी मी कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीनं माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली, गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि गोड आवाजात सांगितलं की हे मॉडेल आता बंद झालंय, किल्ली मागवावी लागेल, किती आठवडे लागतील ते सांगता येत नाही, आणि मूळ कागदपत्रं घेऊन गाडीच्या मालकानं स्वतः यावं.

"मीच मालक," मी म्हणालो.

"ओके, अंकल. गाडी कोण चालवतं?"

"मीच."

तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघितलं. मग जुनी देऊन नवी घेण्याची काहीतरी योजना सांगायला लागली. नवीन गाडीत म्हणे किल्ली लागतच नाही, खिशात असली की झालं. मी पाणी न पिता उठलो. संताप त्या पोरीवर नव्हता. ती आपलं काम करत होती. पण 'कोण चालवतं' हे विचारायच्या आधी ती जो अर्धा सेकंद थांबली, तो मला झोंबला.

किल्लीवाला सापडला तो आमच्या इथल्या बस स्टँडच्या मागे, शहाळीवाला आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या फटीत. दुकान म्हणजे एक टेबल, किल्ली कापायचं मशीन, एक लॅपटॉप आणि मागच्या फळीवर टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. माणूस चाळिशीचा, कानावर पेन्सिल. "स्वल्प कूत्कोळ्ळि सर," म्हणत त्यानं स्टूल पुढे सरकवलं. मी थोडा वेळ बसून त्याचे हात बघितले. मी माणसाचं काम त्याच्या हातांवरून ओळखतो. स्क्रू काढला की तो टेबलावर कुठेही न टाकता लोहचुंबकावर ठेवत होता. मला तो तिथल्या तिथे पसंत पडला.

त्यानं माझी किल्ली उघडली आणि खाली मान घालूनच म्हणाला, "आयुध पूजे."

आत पिवळा-लाल चिखल साचला होता. हळद, कुंकू आणि पाणी वाळून सगळ्या जोडांवर बसलं होतं, मधल्या तारा हिरव्या पडल्या होत्या. तो हसला. दर दसऱ्यानंतर महिनाभर अशाच किल्ल्या येतात म्हणाला. एकाच्या लॅपटॉपमधून त्यानं अक्षता काढल्या होत्या. मी काही हसलो नाही. आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर माझा मायक्रोमीटर, स्क्रू ड्रायव्हर, बायकोची कात्री आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या मांडतात. बायको हळदकुंकू लावते. पळीनं पाणी मी सोडतो. हत्याराला पाण्याचा थेंब लागला तर टूल रूममध्ये मी पोरांना फाडून खायचो, आणि घरी सोवळं नेसून सोळा वर्षं दर नवमीला स्वतःच्या हातानं किल्लीच्या डोक्यावर पाणी घालत आलो होतो. भक्तिभावानं.

"नवीन बनवतो," तो म्हणाला. "जुनीची बटणंही साफ करून देतो. बाकी की किती आहेत? एल्ला की बेकु, सर. सगळ्या लागतात."

मी विचारलं, का?

त्यानं समजावून सांगितलं. बटणं वेगळी, दार उघडायचं पातं वेगळं, आणि डोक्यात एक बारीक चिप असते ती वेगळी. चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. नवी किल्ली गाडीला शिकवायची म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर जुनी यादी पुसून नवी लिहितो. त्या वेळी ज्या ज्या किल्ल्या हजर असतील त्या एकेक करून लावायच्या, तेवढ्याच यादीत चढतात. जी हजर नसेल ती बाद. तिनं दार उघडेल, पण गाडी चालू होणार नाही.

"तर किती, सर?"

माझी मुलगी त्या वेळी तिच्या ऑफिसात असणार. पर्समध्ये माझ्या गाडीची किल्ली. फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत घेऊन आली असती, आणि 'तिसरी कशाला, बाबा?' असंही विचारलं असतं.

"एकच," मी म्हणालो. "दुसरी हरवली."

"हरवली?"

"हरवली."

तो उलट खूश झाला. मग तर बरंच झालं म्हणाला, चोराच्या हाती लागली असेल तरी आता तिचा उपयोग नाही. त्यानं नवं पातं कापलं. कापून झाल्यावर कड बारीक कानशीनं दोनदा घासली, हे आजकाल कोणी करत नाही. मग गाडीत बसून स्टिअरिंगखालच्या प्लगमध्ये वायर खोचली, लॅपटॉप मांडीवर घेतला. जुनी लावली, काढली. नवी लावली, काढली. समोरचा किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकला आणि विझला. पाच मिनिटंही लागली नाहीत. पाच मिनिटांत मी माझ्या मुलीला माझ्या गाडीतून काढून टाकलं होतं.

नवी किल्ली मी दाढीच्या सामानाच्या डबीत ठेवली. वाटलं होतं की आता शांत झोप लागेल. कसली झोप आणि कसलं काय. आधी एक किल्ली चाचपायचो, आता दोन. आणि त्यावर तिसरीची काळजी, जी माझ्याकडे नव्हतीच. मुलगी रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना फोन करते. 'काय बाबा, गाडी बरी आहे ना?' असं ती सहज विचारायची, आणि मी 'आहे की' म्हणून फोन बायकोकडे द्यायचो. रविवारी ती आली. तिनं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला. तिच्या घराची, स्कूटरची, आणि त्यांच्यामध्ये माझ्या गाडीची. तिनं तिला एक लाल दोरा बांधला होता, वेगळी ओळखू यावी म्हणून. मी पेपर तोंडासमोर धरला. बाद झालेली किल्ली ती जपून वागवत होती आणि ते मला एकट्याला माहीत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं.

भाऊबीजेला आम्ही येलहंक्याला गेलो. तिथं बायकोचा धाकटा भाऊ राहतो, हवाई दलातून निवृत्त झालेला. मुलगी म्हणत होती, टॅक्सीनं जा. मी मुद्दाम गाडी काढली. जाताना झकास गेलो. ओवाळणं झालं, जेवण झालं, मेहुण्यानं नेहमीप्रमाणे मला माझ्याच गाडीच्या मायलेजवर व्याख्यान दिलं. तीनच्या सुमाराला परत निघालो.

हेब्बाळच्या उड्डाणपुलाशी रस्ता फुटतो. एक गावात जातो, एक वळून बाहेरून जातो, आणखी कुठे कुठे जातात. शेकडो वेळा मी तिथून गेलोय. त्या दिवशी पाट्या समोर आल्या, मी त्या वाचल्या, आणि त्यातलं एकही नाव मला कुठलंच वाटेना. बरं, आपण जातोय की परत येतोय तेही कळेना. मी ब्रेक दाबला. दोन फाट्यांच्या मध्ये, भर रस्त्यात गाडी उभी केली. मागून बसचा हॉर्न, लॉरीचा हॉर्न. एक दुचाकीवाला काचेवर थाप मारून काहीतरी ओरडून गेला. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो, जणू तेवढंच माझं काम होतं.

"अहो," बायको म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "डावीकडची सोडा. सरळ घ्या, पुलावर."

मी सरळ घेतली. मग तिनं मला घरापर्यंत आणलं. "आता खाली उतरा. आता त्या हिरव्या बसच्या मागे राहा. पुढचा सिग्नल उजवीकडे." जिनं उभ्या जन्मात रस्त्याकडे लक्ष दिलं नाही, गाडीत बसली की डोळे मिटून स्तोत्र म्हणायची, तिला सगळे रस्ते पाठ होते. बहुधा गेले काही महिने ती स्तोत्र म्हणतच नव्हती. अर्ध्या वाटेत मला सगळं परत कळायला लागलं होतं, तरी मी तिला थांबवलं नाही. मी घाबरलो होतो. आयुष्यात मशीनची, साहेबाची, संपाची कशाची भीती वाटली नव्हती, तेवढा त्या पुलावर घाबरलो.

घरी आल्यावर आम्ही चहा घेतला. तिनं विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीत दार लोटून बराच वेळ फोनवर बोलत होती.

मुलगी बुधवारी आली. ऑफिसच्या दिवशी, सकाळी अकराला, हातात लॅपटॉपची बॅग. "बाबा, गाडी चार दिवस नेते," ती म्हणाली. "आमच्या इथं एक डेंटिंगवाला आहे, दार सरळ करून देतो." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. लहानपणीही खोटं बोलताना ती असंच टेबलाच्या कडेशी बोलायची. मी 'ने' म्हणालो. ती खाली गेली आणि मी घड्याळाकडे बघत बसलो.

अर्धा तास झाला. बायको म्हणाली, "गेली असेल." मला माहीत होतं की ती गेलेली नाही.

ती वर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. "सुरूच होत नाहीये. किती ट्राय केलं," ती म्हणाली आणि लाल दोऱ्याची किल्ली टेबलावर ठेवली. "बाबा, सॉरी. मागच्या आठवड्यात ही जीन्सबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेली होती. मी वाळवली, मला वाटलं ठीक आहे. माझीच चूक आहे. एक वस्तू दिलीत, ती पण नीट सांभाळली नाही मी."

"होतं असं," मी म्हणालो.

ते दोन शब्द तोंडातून निघाले आणि मला स्वतःची किळस आली. शोरूममधल्या प्रश्नावर मी चिडलो होतो, टॅक्सीवाल्यांवर चिडत होतो, आणि इथं माझी मुलगी माझ्या चोरीबद्दल माझीच माफी मागत होती आणि मी मोठ्या मनानं ती देत होतो.

"मग यांची घेऊन जा," बायको म्हणाली.

तिघांनाही ठाऊक होतं की ती किल्ली गेली की परत यायची नाही.

"आधी तुझी दुरुस्त करून आणू," मी म्हणालो. "स्टँडमागे एक माणूस आहे. चल." आता वाटतं, ते उघडं पडावं असंच मला आतून वाटत असावं. तेव्हा मात्र मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. निघताना मी दाढीच्या डबीतली किल्लीही खिशात घातली. का, ते विचारू नका.

गाडी मीच चालवली. माझ्या किल्लीनं ती एका झटक्यात चालू झाली तेव्हा मुलीनं आपल्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. रस्ताभर ती दाराच्या वरची मूठ धरून बसली होती. त्या दिवशी मी उत्तम चालवली, हेही सांगून ठेवतो.

किल्लीवाल्यानं मला लांबूनच ओळखलं. मुलीनं किल्ली टेबलावर ठेवली, त्यानं ती उचलून पातं डोळ्याजवळ नेलं आणि चेहरा उजळला. "कळेदुहोद की सिक्तल्ला, सर!" हरवलेली किल्ली सापडली की! त्याला खरंच आनंद झाला होता. मग मुलीकडे वळून तो कौतुकानं सांगू लागला की सर आले होते, दसऱ्यानंतर, फार घाईत होते, एक हरवली म्हणून नवी करून घेतली, म्हणून ही आता चालणार नाही, पण काळजी नको.

माझी मुलगी इथं जन्मली, इथं शिकली. तिला कन्नड माझ्यापेक्षा दसपट येतं. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, "सरी अण्णा, ओंदु निमिष," म्हणून त्याला मिनिटभर थांबवलं आणि माझ्याकडे वळली.

"हरवली म्हणून सांगितलंत?"

"हो."

"मला मघाशी खाली रडू आलं होतं, बाबा. मला वाटलं मी वाट लावली." तिचा आवाज चढला. शहाळीवाल्यानं मान वळवली. "का पण?"

"तू उरलेलीही नेशील म्हणून."

"नेणारच होते," ती म्हणाली. "आजच नेणार होते. डेंटिंग वगैरे काही नव्हतं. आईनं सांगितलं मला हेब्बाळचं."

आम्ही दोघंही खोटं बोलून दमलो होतो, त्यामुळे असेल, पण पुढचं मला सांगता आलं. "हेब्बाळला पहिल्यांदा नव्हतं झालं ते," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. किल्लीवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी त्यानं उगाच कानस उचलून कुठलंतरी पातं घासायला घेतलं.

मुलीनं कितीदा, कधी, असं विचारलं नाही. तिच्या आईसारखीच गप्प राहण्यात ती पटाईत आहे. मला वाटलं ती आता हात पुढे करेल आणि मागेल. तिनं हात पुढे केला नाही. त्यामुळे ते माझ्यावर आलं.

"एल्ला की कोडि, सर," किल्लीवाला म्हणाला. सगळ्या द्या. तिसरी विसरू नका, नाहीतर पुन्हा तेच.

टेबलावर लाल दोऱ्याची होती. मी खिशातून नवी काढून तिच्या शेजारी ठेवली. मग जुनी काढली. तिच्यावरचं चिन्ह पार झिजलंय, अंगठा ठेवून ठेवून तिथं एक खळगा पडलाय. ती मी हातातच ठेवली.

"दोनच," मी म्हणालो.

"पण सर, ती बाद होईल."

"माहीत आहे."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तीन करता येतात. तुमची पण राहू दे ना यादीत." आणि हे ती मनापासून म्हणत होती. तीनही चालत राहिल्या तर मी रोज सकाळी एक खिशात घालणार, रोज दुपारी कुठेतरी निघणार, आणि दर वेळी कोणी विचारलं की आज बरं वाटतंय म्हणणार. मी स्वतःला ओळखतो. तिला ते माहीत नव्हतं असं नाही. तरी तिनं म्हणून बघितलं.

"लाव लवकर," मी किल्लीवाल्याला खेकसलो.

तो गाडीत बसला. वायर, लॅपटॉप. लाल दोऱ्याची लावली, काढली. नवी लावली, काढली. दिवा लुकलुकून विझला. मग काम चोख झालं हे दाखवायला त्यानं माझ्या हातातली मागून घेतली आणि तीही लावून बघितली. इंजिन घरघरलं, पण धरलं नाही. त्यानं दोनदा फिरवलं. मला तिसऱ्यांदा ते ऐकवेना. मी "बास" म्हणालो आणि किल्ली परत घेतली.

मी संतापलेलो होतो. कोणावर, ते सांगता येणार नाही. त्या संतापात मी सरळ चालत जाऊन उजवं दार गाठलं, सवयीनं. गाडी त्यानं कुलूप लावून ठेवली होती. मुलगी माझ्या मागे दोन पावलांवर थांबली, दोन्ही चालत्या किल्ल्या मुठीत धरून. मी दारात माझी किल्ली खुपसली. दार उघडलं.

मी ते धरून ठेवलं आणि तिला म्हणालो, "बस."

ती बसली. सीट पुढे ओढून घेतली, आरसा आपल्या उंचीला केला. मी दार लावलं आणि गाडीला वळसा घालून डावीकडे गेलो.